नवा क्लच आणि हुकलेला वाफसा

मृगाचा पाऊस पडून गेला की पेरणीला योग्य असे दिवस मोजकेच मिळतात. ओल फार असेल तर औजार चिखलात रुतते, जमीन फार वाळली तर बी उगवत नाही. या दोहोंमधल्या अवस्थेला शेतकरी 'वाफसा' म्हणतो. सोसायटीचा हप्ता विनवण्या करून पुढे ढकलता येतो, लग्नाचा मुहूर्तही बदलता येतो. वाफसा मात्र कोणासाठी थांबत नाही. नेमक्या अशा दिवसांत, नुकताच क्लच बदलून आणलेला जुना ट्रॅक्टर गोठ्यापुढे उभा राहतो. इंजिन सुरळीत चालते, गिअर पडतो, पेडल सोडले जाते आणि चाके जागची हलत नाहीत. कधी याच्या उलट घडते. पेडल तळाला टेकेपर्यंत दाबले तरी गिअर खरखर करतो आणि पडत नाही. मालक मिस्त्रीकडे पाहतो, मिस्त्री ट्रॅक्टरकडे पाहतो, आणि थोड्या वेळाने निर्णय होतो : "पुन्हा खोलावा लागेल."

हा निर्णय घाईचा असतो, पुष्कळदा चुकीचा असतो आणि महाग तर तो नेहमीच असतो. शहरात नोकरी करणाऱ्या आणि गावची शेती भावाच्या हाती सोपवलेल्या असंख्य कुटुंबांना त्याची किंमत दूरध्वनीवरून कळते. त्यामागचे कारण मात्र कळत नाही. वरकरणी ही बाब गॅरेजपुरती वाटते. परंतु दोष शोधण्याची पद्धत हेही एक भांडवल आहे, आणि खेड्यापाड्यांत याच भांडवलाची टंचाई सर्वाधिक आहे, हे या एका उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होईल.

कणाच उघडावा लागतो

ट्रकला लोखंडी सांगाडा असतो आणि इंजिन, गिअरबॉक्स हे भाग त्यावर बसवलेले असतात. शेतीच्या ट्रॅक्टरची रचना निराळी आहे. हेन्री फोर्ड यांनी १९१७ साली आणलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरला असा वेगळा सांगाडा नव्हता. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस यांची ओतीव लोखंडी घरेच एकमेकांना बोल्टांनी जोडलेली होती आणि तीच ट्रॅक्टरचा कणा झाली. ही रचना स्वस्त आणि मजबूत असल्याने पुढे जगभर रूढ झाली. १९६० साली मद्रासला स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने बनवलेले ट्रॅक्टर, १९६३ साली महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचा बी-२७५, आणि १९७१ पासून पिंजोरला तयार होऊ लागलेला एचएमटी झेटर २५११ ही सारी याच वंशावळीतली मंडळी. महाराष्ट्राच्या शिवारात यांपैकी कित्येक आजही राबत आहेत.

या रचनेची एक किंमत आहे. क्लच हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या बरोबर मध्ये बसतो. म्हणून क्लचची प्लेट बदलायची तर ट्रॅक्टर मधोमध वेगळा करावा लागतो. स्टिअरिंगचे दांडे, विजेच्या तारा, डिझेलच्या नळ्या, पायफळ्या हे सारे सोडवायचे. पुढचा आस मधल्या खिळीवर डोलतो म्हणून इंजिनाचा भाग एका बाजूला कलंडू नये यासाठी आसावर दोन्ही अंगांना लाकडी पाचरी ठोकायच्या. दोन्ही अर्ध्या भागांना खालून भक्कम आधार द्यायचा आणि मग एक भाग हळूहळू मागे सरकवायचा. एवढे झाल्यावर बदलायची वस्तू असते एक तबकडी आणि एखाददुसरे बेअरिंग! वस्तूच्या किमतीपेक्षा तिथवर पोहोचण्याचा खर्च मोठा, हे या दुरुस्तीचे मूळ अर्थशास्त्र आहे. एकदा पोहोचण्याचा खर्च अपरिहार्य होता. दुसऱ्यांदा तो करण्यापूर्वी तरी विचार व्हायला हवा.

दोष बाहेरून आत शोधावा

दुरुस्तीपूर्वी जी तक्रार नव्हती ती दुरुस्तीनंतर निर्माण झाली, तर दुरुस्तीत ज्या भागांना हात लागला तेथेच प्रथम पाहावे, हा साधा नियम आहे. पण हात केवळ क्लचला लागलेला नसतो. ट्रॅक्टर वेगळा करताना पेडलाचा दांडा सुटतो, गिअरच्या दांड्याखालचे झाकण कधी निघते, जोडण्या उकलून पुन्हा बसवल्या जातात. यांतले बहुतेक भाग बाहेर, हाताच्या अंतरावर आहेत आणि ते तपासायला बोल्ट उघडावा लागत नाही.

पहिली पाहणी 'हाय-लो'च्या दांड्याची. जुन्या ट्रॅक्टरांपैकी अनेकांना गिअरचे दोन दांडे असतात : एक मुख्य गिअरचा, दुसरा जलद आणि संथ पल्ल्यांचा. मॅसी ३५ च्या घराण्यात या दुसऱ्या दांड्याला मधली अशी एक जागा असते की तेथे चाकांकडे जाणारी शक्ती तुटते. हा दांडा मधल्या जागी राहिला, किंवा खालची जोडणी नीट न बसल्याने वरचा दांडा हलूनही आतला गिअर हललाच नाही, तर मुख्य गिअर कितीही टाकले तरी ट्रॅक्टर हलणार नाही. ही पाहणी करायला पाच मिनिटे लागतात. ती न करता ट्रॅक्टर पुन्हा मधोमध उघडणे म्हणजे चावी खिशात असताना कुलूप फोडण्यासारखे आहे.

दुसरी पाहणी पेडलाच्या मोकळ्या चालीची. पेडल दाबायला सुरुवात केल्यावर प्रथम थोडे अंतर ते विनासायास खाली जाते आणि मग जोर लागू लागतो. हे सुरुवातीचे अंतर म्हणजे मोकळी चाल. ती किती असावी हे प्रत्येक ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती मुळीच उरली नसेल, तर क्लचचे बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर सतत दाब देत राहते, प्लेट पुरती आवळली जात नाही आणि क्लच घसरतो. उलट ती फार असेल, तर पेडल तळाला गेले तरी बोटे पुरेशी दाबली जात नाहीत, क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरतात.

येथे एक बारकावा आहे आणि बरेच घोटाळे त्यातूनच उद्भवतात. जुनी प्लेट वर्षानुवर्षे झिजत जाते तशी बोटे बेअरिंगकडे सरकतात आणि मोकळी चाल कमी होते. चालक किंवा मिस्त्री वेळोवेळी दांड्याची लांबी बदलून ती पुन्हा मिळवतात. मग एक दिवस जाड, नवी प्लेट येते आणि बोटे परत मूळ जागी जातात. दांडा मात्र झिजलेल्या प्लेटच्या मापावरच राहिलेला असतो! साहजिकच मोकळी चाल एकदम वाढते, क्लच सुटत नाही आणि दोष नव्या प्लेटवर येतो. वस्तुतः एका नटाला काही आटे फिरवण्याचा हा प्रश्न असतो.

तिसरी पाहणी क्लचच्या घराला असलेल्या झडपेतून करायची. पुष्कळ ट्रॅक्टरांना खालून किंवा बाजूने असे लहान झाकण असते. इंजिन बंद ठेवून, बॅटरीची तार काढून ते उघडावे आणि दुसऱ्या माणसाला पेडल दाबायला सांगावे. पेडलाबरोबर बेअरिंग पुढे सरकते का, आणि सगळी बोटे एकाच वेळी दाबली जातात का, हे डोळ्यांनी दिसते. पेडल खाली जाते पण बेअरिंग हलत नाही असे आढळले, तर आडव्या शाफ्टची खीळ तुटली आहे किंवा बेअरिंग ढकलणारा काटा झिजला आहे. प्लेट बिचारी निर्दोष असते.

एका प्रश्नाने अर्धे क्षेत्र वगळता येते

बाहेरच्या पाहणीतून उलगडा झाला नाही, तर शक्ती कोठवर पोहोचते हे विचारावे. इंजिनाची शक्ती फ्लायव्हीलकडून क्लच प्लेटला, तेथून शाफ्टने गिअरबॉक्सला, पुढे क्राऊन-पिनियनला, डिफरन्शियलला, अर्ध्या आसांना आणि शेवटी चाकांना मिळते. ही साखळी आहे. ती कोठे तुटली हे कडी-कडी सोडवून पाहण्याची गरज नसते. मधल्या एखाद्या जागी शक्ती येते की नाही एवढे कळले, की अर्धी साखळी संशयातून मुक्त होते.

दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरांत ही सोय आयतीच आहे. पेडल अर्धे दाबले की चाके थांबतात, पूर्ण दाबले की पीटीओही थांबतो. म्हणजे चाकांची प्लेट वेगळी आणि पीटीओची वेगळी. मॅसी ३५ च्या घराण्यात हायड्रॉलिकचा पंपही पीटीओच्याच मार्गावर चालतो. म्हणून ट्रॅक्टर हलत नाही, पण पीटीओ जोडल्यावर मागचे औजार उचलले जाते असे दिसले, तर इंजिन, फ्लायव्हील आणि क्लचचा निम्मा भाग काम करीत आहे हे सिद्ध होते. संशय चाकांच्या प्लेटवर, तिच्या शाफ्टवर किंवा त्यापुढच्या साखळीवर उरतो. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरात पीटीओ फिरतो पण चाके फिरत नाहीत असे आढळले, तर निष्कर्ष याहून स्पष्ट आहे. प्लेट शक्ती देत आहे. अडचण पुढे आहे.

आणखी एक कसोटी डिफरन्शियल लॉकची. मागचा एखादा अर्धा आस तुटला असेल, तर डिफरन्शियल सारी फिरत त्या तुटलेल्या, मोकळ्या बाजूला वाया घालवते आणि ट्रॅक्टर उभा राहतो. लॉक दाबल्यावर दोन्ही बाजू एकत्र फिरू लागतात आणि शाबूत बाजूचे चाक ट्रॅक्टरला ओढते. लॉक दाबताच ट्रॅक्टर हलला, तर क्लचच्या दुरुस्तीचा आणि या दोषाचा काही संबंध नाही; दोन गोष्टी केवळ एका वेळी घडल्या. असे योगायोग जुन्या यंत्रांत होतात, म्हणून 'दुरुस्तीनंतरचा दोष दुरुस्तीतलाच' हा नियम बहुधा खरा असला तरी तो पुरावा नव्हे.

क्लच घसरतो की नाही हे मोकळ्या, सपाट जागेत पाहावे. पुढे-मागे कोणी नसावे आणि औजार जोडलेले नसावे. ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून, पेडल सावकाश सोडावे. इंजिन गुदमरून बंद पडले तर क्लच पकडतो आहे आणि शक्ती मागपर्यंत पोहोचते आहे. इंजिन निवांत चालत राहिले आणि जळका वास आला, तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच आणि क्षणभरच करावी. वारंवार केली तर नवी प्लेट त्या परीक्षेतच जळेल.

गिअर खरखरण्याची परीक्षाही अशीच साधी आहे. जुन्या ट्रॅक्टरांत गिअरचे दाते सरळ सरकवून एकमेकांत घालायचे असतात. मोटारीप्रमाणे दोघांचा वेग जुळवून देणारी योजना त्यांच्यात नसते. त्यामुळे प्लेट किंचित जरी ओढली जात राहिली तरी ते ओरडून सांगतात. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो का ते पाहावे. पडत असेल तर गिअरबॉक्स ठीक आहे. मग इंजिन सुरू करून, पेडल पूर्ण दाबून, पंधरा-वीस सेकंद थांबून गिअर टाकावा. तरीही खरखर झाली तर क्लच सुटत नाही हे निश्चित.

आवाजही बोलका असतो. पेडल दाबल्यावरच किरकिर येत असेल, तर संशय क्लचच्या बेअरिंगवर किंवा फ्लायव्हीलमधल्या लहान पायलट बेअरिंगवर जातो. गिअर न टाकता पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि पेडल दाबल्यावर थांबतो असे असेल, तर तो गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगचा असण्याचा संभव अधिक.

पुन्हा उघडावाच लागला तर

एवढे केल्यावरही काही वेळा ट्रॅक्टर पुन्हा उघडण्यावाचून गत्यंतर नसते. प्लेट उलटी बसली असेल, तर तिचा मधला उंचवटा फ्लायव्हीलच्या बाजूला अडतो. बोटांची उंची सारखी केलेली नसेल, तर ट्रॅक्टर निघताना थरथरतो किंवा क्लच एका अंगाने अडकून राहतो. जोडताना शाफ्ट प्लेटच्या खाचांत नीट शिरला नसेल आणि दोन घरांमधली फट बोल्ट आवळून बळाने मिटवली असेल, तर प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा फुटतो. जाणते मिस्त्री यासाठी जुन्या शाफ्टचा तुकडा घालून प्लेट आधी मध्यावर आणतात आणि दोन्ही घरे हाताच्या जोराने भिडल्याखेरीज बोल्टाला पान्हा लावीत नाहीत. बोल्टाचे काम घरे घट्ट धरण्याचे आहे, ओढून आणण्याचे नव्हे, ही शिकवण एका वाक्याची असली तरी ती न पाळल्याने पुष्कळ प्लेटा फुकट गेल्या आहेत.

ट्रॅक्टर उघडलाच आहे तर मग अर्थशास्त्रातला संयुक्त खर्चाचा विचार लागू होतो. आत पोहोचण्याचा मोठा खर्च झालेलाच असताना पायलट बेअरिंग, क्लचचे बेअरिंग आणि इंजिन व गिअरबॉक्स या दोहोंकडची ऑइल सीले हे अल्प किमतीचे भाग त्याच वेळी न बदलणे ही काटकसर नव्हे. गळकी सील तशीच राहिली तर तेल नव्या प्लेटवर येते, आणि तेलकट प्लेट घसरणारच. क्लचच्या घराच्या तळाशी असलेल्या लहान छिद्रातून ठिबकणारे तेल पाहून हे आधीच ओळखता येते. ते पातळ व काळे असेल तर बहुधा इंजिनाचे, घट्ट आणि उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सचे. फ्लायव्हीलचे तोंड निळे पडले असेल, त्यावर भेगा असतील, तर नवी प्लेट बसवण्यापूर्वी ते लेथवर तपासून घेणे अगत्याचे असते.

म्हणजे चुका दोन प्रकारच्या होतात आणि त्या परस्परविरुद्ध आहेत. बाहेर असताना, काही न तपासता, अंदाजाने सुटे भाग बदलले जातात. आत पोहोचल्यावर मात्र हात आखडता घेतला जातो. पहिल्या ठिकाणी उधळपट्टी आणि दुसऱ्या ठिकाणी चिकटपणा. दोन्हींचा शेवट एकच : ट्रॅक्टर पुन्हा उघडणे.

वीस टक्क्यांचा हिशेब

"पण बहुतेक वेळा दोष आतच असतो, मग बाहेर वेळ का घालवायचा?" असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. समजा, दोष बाहेरच्या जोडणीत असण्याची शक्यता पाचांत एक आहे आणि ती तपासायला अर्धा तास लागतो. दोष आत असण्याची शक्यता पाचांत चार आहे आणि आतले काम दोन दिवसांचे आहे. जो थेट ट्रॅक्टर उघडतो त्याचे दोन दिवस दर वेळी जातात. जो आधी बाहेर पाहतो त्याचा अर्धा तास दर वेळी जातो, पण पाचांतून एकदा त्याचे दोन दिवस वाचतात. पाच वेळांचा हिशेब मांडला, तर अडीच तास खर्चून दोन दिवस मिळवले असे दिसेल. कोणते कारण सर्वांत संभाव्य एवढेच पाहून क्रम ठरत नाही. ते तपासायला काय पडते हेही त्याच तराजूत टाकावे लागते.

शिवाय हे दोन दिवस एकट्या मालकाचे नसतात. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते; २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या लहान तुकड्यावर ट्रॅक्टरला वर्षभर काम नसते, म्हणून तो भाड्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांची शेतेही करतो. तो बंद पडला की पाच-दहा घरांचा वाफसा एकदम धोक्यात येतो. ज्यांनी त्या दुरुस्तीचे पैसे दिले नाहीत आणि ज्यांना तिच्याबद्दल कोणी विचारलेही नाही, त्यांनाही तिच्या चुकीचा भुर्दंड पडतो.

मिस्त्री दोषी नव्हे, व्यवस्था अपुरी

याचे खापर मिस्त्रीवर फोडणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली एका निबंधात दाखवून दिले, की दुरुस्तीसारख्या सेवांत ग्राहकाला सेवा घेतल्यानंतरही ती खरोखर आवश्यक होती की नाही हे कळत नाही. निदान करणारा आणि काम करणारा एकच असतो. अशा व्यवहारात कामाचे पैसे मिळतात, निदानाचे नाहीत. ज्या मिस्त्रीने अर्धा तास शांतपणे तपासून एका नटाला चार आटे दिले, त्याला चहा मिळतो. ज्याने ट्रॅक्टर उघडला, त्याला मजुरी मिळते. मग मिस्त्री कितीही प्रामाणिक असला तरी त्याचा हात पान्ह्याकडे जाणे अस्वाभाविक कसे म्हणावे? त्यातच तो उघड्यावर, हंगामाच्या गर्दीत आणि बहुधा कोणत्याही पुस्तिकेवाचून काम करतो. तो जे शिकला ते उस्तादाचे पाहून. उस्तादाने जे सांगितले नाही ते त्याला नुकसान सोसूनच कळते, आणि ते नुकसान दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचे असते.

मुरलेल्या मिस्त्रीचा कान कोणत्याही यादीपेक्षा जलद असतो, हे खरे. पण तो कान म्हणजे तरी काय? शेकडो ट्रॅक्टरांच्या अनुभवाने मनात बसलेली यादीच ती. फरक इतकाच की कागदावरची यादी दुसऱ्याला देता येते, आणि कान त्या माणसाबरोबर निवृत्त होतो.

जुने ट्रॅक्टर मोडीत काढून कर्जाने नवे घ्यावेत, असेही सुचवले जाते. ज्याचे क्राऊन-पिनियन आणि गिअरबॉक्स दोन्ही झिजले आहेत, त्यावर पैसा ओतत राहणे शहाणपणाचे नाही, हे मान्यच. परंतु ज्या ट्रॅक्टरची किंमत केव्हाच वसूल झाली आहे आणि वर्षातून ज्याला थोडेच तास काम आहे, त्याच्या जागी नव्याचे व्याज उभे करणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. काम असो वा नसो, व्याज चढतच राहते. जुन्या यंत्राचे मोल त्याच्या लोखंडात कमी आणि ते नीट दुरुस्त होऊ शकते या खात्रीत अधिक असते. ती खात्री संपली की चालू स्थितीतले यंत्रही भंगाराच्या भावाचे होते.

करता येण्याजोगे

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा आता जगभर सुरू आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतकऱ्याला आपली यंत्रे दुरुस्त करता यावीत यासाठी कायदा केला. भारतातही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली या विषयावर समिती नेमली आणि तिच्या कक्षेत शेतीची अवजारे मुद्दाम घेतली. नव्या, संगणकनियंत्रित यंत्रांसाठी हा हक्क मोलाचा आहे. पण जुन्या ट्रॅक्टरला कोणतेही इलेक्ट्रॉनिक कुलूप नाही. तो कोणीही उघडू शकतो, हीच त्याची अडचण! तेथे परवानगीची वाण नाही, ज्ञानाची आहे. पिंजोरचा एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. शेतांतले त्याचे ट्रॅक्टर मात्र त्या निर्णयाने थांबले नाहीत. अशा पोरक्या यंत्रांची पुस्तिका उद्या कोणाकडे मागायची?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची शेतीयंत्रांच्या चाचणीची आणि प्रशिक्षणाची संस्था आहे. कृषी विद्यापीठांत शेतीयंत्रांचे विभाग आहेत. या सर्वांना मिळून प्रचलित जुन्या ट्रॅक्टरांसाठी दोषशोधनाचे एकेक पान सोप्या मराठीत काढणे अवघड नाही. काय तपासावे, कोणत्या क्रमाने, काय आढळले तर पुढे कोठे जावे, एवढेच त्यावर असावे. मिस्त्रीचीच भाषा त्यात असावी. 'क्लच प्लेट'ला संस्कृत प्रतिशब्द शोधण्याचा मोह टाळावा. ग्रामपंचायतीच्या आणि सोसायटीच्या भिंतींवर इतके फलक लागतात, तेथे हेही एक लागू शकेल.

मालकांनीही काही रिवाज पाडले पाहिजेत. निदानाचे पैसे वेगळे द्यावेत, म्हणजे न उघडता दोष सापडला तरी मिस्त्रीचे नुकसान होणार नाही. बदललेला जुना भाग परत मागावा. ट्रॅक्टर केव्हा उघडला, कोणते भाग बदलले, पेडलाची चाल किती ठेवली याची नोंद एका वहीत करावी. घरातला शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी ते काम आनंदाने करील. आणि क्लचची मोठी दुरुस्ती जूनच्या पहिल्या आठवड्यात नव्हे, तर एप्रिल-मे महिन्यांतच उरकून, ट्रॅक्टर चार दिवस ट्रॉलीला जुंपून पारखून घ्यावा, म्हणजे उरलेला दोष पेरणीपूर्वीच उघड होईल.

यांतल्या एकाही गोष्टीला मोठे अनुदान लागत नाही. शेतीच्या यांत्रिकीकरणाचा हिशेब आजवर ट्रॅक्टर किती विकले गेले यावरून मांडला गेला. ते पेरणीच्या दिवशी किती चालू होते, हा आकडा कोणी मांडीत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र खरा आकडा तोच आहे. त्या आकड्याचे भवितव्य पुष्कळदा एका मधल्या जागी राहिलेल्या दांड्यावर, किंवा कोणी न फिरवलेल्या एका नटावर अवलंबून असते.